वीस टक्के राखीव

सकाळचा चहा पुढ्यात येण्याआधी पुरुषोत्तमरावांना तळी बघायची असत. खिडकीतून नव्हे. न्यूझीलंडमधल्या पापाटोएटोच्या त्यांच्या खिडकीतून शेजाऱ्यांची ट्रॅम्पोलिन दिसे आणि त्यापलीकडे रेल्वेचं कुंपण. तळी होती हजारभर किलोमीटर खाली, साउथ आयलंडच्या डोंगरांत, आणि ती दिसत टॅबलेटवर, एका निळ्या रेघेच्या रूपात. या देशाची निम्म्याहून अधिक वीज पाण्यावर होते, ते पाणी त्या तळ्यांत साठतं, आणि यंदा ती रेघ रोज खालीच चालली होती. पुरुषोत्तमराव तो आकडा एका वहीत उतरवून घेत. कुणी सांगितलं होतं म्हणून नाही. वही नसली की त्यांना चैन पडत नसे, एवढंच.

"आज किती?" आतून श्यामलाबाई विचारत. नाकात नळी असल्यामुळे त्यांचा आवाज जरा बसका येई.

"कालच्याहून कमी."

"मग आंघोळ करू का नको?"

"थट्टा सुचतेय तुला! तिकडे तीन आठवडे थेंब नाही. वारापण पडलाय, म्हणजे पवनचक्क्या बसल्या. कुणाला काही पडलंय का बघ."

"तुम्हाला पडलंय ना, तेवढं पुरे. चहा घ्या."

माणूस तसा साधा. वय बहात्तर, अंगानं किडकिडीत, पायात बारा महिने जँडल्स, म्हणजे अंगठ्याच्या रबरी चपला, आणि त्यात मोजे, त्यावरून नात ईशा रोज हसते. पण विजेचं नाव निघालं की त्यांचा चेहराच बदलायचा. चौतीस वर्षं त्यांनी सांगली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी वीज उपकेंद्रात ऑपरेटर म्हणून काढली होती. एक लाकडी खुर्ची, समोर पॅनेल, पॅनेलशेजारी फोन. भारनियमनाच्या वर्षांत त्या फोनचा त्यांनी जेवढा धसका घेतला, तेवढा कधी सासऱ्यांचाही घेतला नव्हता. फोन वाजे. पलीकडचा माणूस "चार मेगावॅट काढा" एवढंच म्हणे आणि ठेवून देई. कुठले चार, ते यांनी ठरवायचं. बाजारपेठ काढायची, का स्टेशन रोड? खटका फिरवला की गावाचा एक तुकडा गप्प व्हायचा. पिठाच्या गिरण्या थांबल्याचं उपकेंद्रापर्यंत कळायचं.

असाच एका एप्रिलमध्ये सकाळी साडेदहाला फोन आला. वेळापत्रकात नसलेलं, तातडीचं काढणं. त्यांनी स्टेशन रोड काढला. दीड तासानं परत जोडला, वहीत नोंद केली, जेवायला गेले. दुसऱ्या दिवशी राजाराम नावाचा शिंपी उपकेंद्राच्या फाटकाशी आला. त्याची आई घरात भाड्याच्या ऑक्सिजन मशीनवर होती. होती, म्हणजे आदल्या दिवशीपर्यंत. राजारामनं आरडाओरडा केला नाही. "साहेब, काल साडेदहाला कुणी बंद केली?" एवढंच त्यानं विचारलं.

"वरून आदेश आला," पुरुषोत्तमराव म्हणाले.

"वरून म्हणजे कोण?"

याला काय सांगणार? वर कोण होतं हे त्यांनाही माहीत नव्हतं. एक आवाज होता. आणि बोट यांचं होतं. राजाराम निघून गेला. तेव्हापासून पुरुषोत्तमरावांची झोप उडाली ती उडालीच. एकोणीस वर्षं रात्री दोनला डोळा उघडायचा आणि उजाडेपर्यंत मिटायचा नाही. डॉक्टर झाले, गोळ्या झाल्या, कोमट दूध झालं. श्यामलाबाईंनी शेवटी नाद सोडला.

मुलगी कौमुदी न्यूझीलंडला शिकायला गेली ती तिकडचीच झाली. आता ती पापाटोएटोतच एका फार्मसीत फार्मासिस्ट. चार वर्षांपूर्वी तिनं आईबाबांना बोलावून घेतलं आणि दुसऱ्याच वर्षी श्यामलाबाईंना धाप लागायला लागली. फुप्फुसं कडक होत चाललीत, असं निदान झालं. बरं होण्यातलं दुखणं नव्हे, सांभाळण्यातलं. हॉस्पिटलनं घरी मशीन दिलं, हवेतून ऑक्सिजन वेगळा काढणारं, पलंगाशेजारी दिवसरात्र घरघरणारं. त्याला पंधरा मीटरची नळी, म्हणजे घरभर फिरता येतं. अडीअडचणीला एक सिलिंडरही दिला होता. पण त्याची चावी इतकी घट्ट, की श्यामलाबाईंच्या संधिवाताच्या बोटांनी ती तसूभर हलत नसे. तो उघडायचा तर घरात दुसरं कुणीतरी हवं.

म्हणजे नशीब बघा. जगाच्या दुसऱ्या टोकाला येऊन पुरुषोत्तमरावांच्या स्वतःच्या घरात ते मशीन आलं, आणि ते विजेवर चालणारं.

कौमुदी काही बेफिकीर मुलगी नव्हे. तिनं छपरावर सोलर बसवलं आणि गराजच्या भिंतीवर कपाटाएवढी पांढरी बॅटरी लावून घेतली. वीज गेली तर बॅटरी आपोआप घर सांभाळणार. पण ती बॅटरी निम्म्या किमतीत मिळाली होती आणि त्याला एक अट होती. संध्याकाळी पाच ते नऊ आणि सकाळी सात ते दहा, सगळा देश एकदम हीटर आणि शेगड्या लावतो तेव्हा, कंपनी लांबून त्या बॅटरीतली वीज काढून घेणार. अशी हजारो घरं. सगळ्यांचं थोडं थोडं जमवलं की एक अख्खं वीजकेंद्र होतं, कोळसा न जाळता. मात्र तळाची वीस टक्के कंपनी कधीच काढणार नाही. ती घरासाठी राखीव.

"आयडिया भारी आहे की नाही, बाबा?" कौमुदी म्हणाली होती.

"भारीच आहे," पुरुषोत्तमराव म्हणाले, आणि ते खोटं नव्हतं. आयुष्यभर त्यांनी ऐकलं होतं की वीज साठवून ठेवता येत नाही. इथे ती गराजमध्ये साठत होती, वॉशिंग मशीनच्या शेजारी! "पण काढणार कोण?"

"कंपनी."

"म्हणजे कोण?"

"अहो, कोण म्हणजे? कॉम्प्युटर काढतो. वीस टक्के राहतातच ना. आईचं मशीन त्यावर आठ तास चालतं, मी हिशोब केलाय."

"आणि नववा तास?"

"बाबा, इथे आठ तास वीज कधी जाते का?"

"आमच्याकडेपण जात नव्हती. मग जायला लागली."

कौमुदीनं कपाळाला हात लावला आणि विषय संपला. तिला राजाराम माहीतच नव्हता. हे पुरुषोत्तमरावांनी बायकोशिवाय कुणाला सांगितलं नव्हतं, आणि मुलीला तर नाहीच नाही.

पहिल्या आठवड्यात ते रोज पाचच्या ठोक्याला गराजमध्ये जाऊन उलट्या बादलीवर बसत. बॅटरीवर हिरव्या आकड्यात टक्के दिसत. शहाण्णव. एक्क्याऐंशी. साठ. कुणीतरी, कुठूनतरी, श्यामलाचा श्वास नळीनं ओढून घेतंय असं त्यांना वाटे. चाळीस. तीस. वीसला आकडा थांबे. थांबतो, हे त्यांना मान्य होतं. पण थांबवणारा वर बसलेला. त्याला उद्या वाटलं वीसचे दहा करावेत, तर? त्याला काय माहीत इथे पापाटोएटोत कोण झोपलंय? तो यांच्यासारखाच असेल, आला आदेश, फिरवला खटका, गेला जेवायला. रात्री ते छताकडे बघत पडून राहत आणि मशीनची घरघर मोजत.

आठव्या संध्याकाळी त्यांनी बॅटरीच्या कुशीला असलेला छोटा खटका खाली केला. हिरवा दिवा विझला. ब्याण्णव टक्के आतल्या आत सुरक्षित, कुणाच्या बापाला काढता यायची नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला, कंपनीची वेळ टळल्यावर, त्यांनी तो वर केला. त्या रात्री त्यांना झोप लागली. ठार झोप, सात तास.

मग रोजचंच झालं. पाचला खाली, दहाला वर.

आता कुणी म्हणेल, म्हाताऱ्याला अक्कल नव्हती का? खटका बंद म्हणजे बॅटरी घरालाही नाही, वीज गेली तर मशीन थांबणार! अहो, चौतीस वर्षं ज्यानं खटके सांभाळले, त्याला हे कळत नव्हतं होय? त्यांनी ते पुरतं जोखलं होतं. वीज गेली की मशीन कर्कश शिट्टी मारतं. पलंगापासून स्वयंपाकघर, तिथून तीन पायऱ्या उतरून गराज, खटका वर. त्यांनी घड्याळ लावून सराव केला होता. अकरा सेकंद. अंधारात चौदा. चौदा सेकंदांत काय होतं? त्या बदल्यात वीसऐवजी ब्याण्णव टक्के हाताशी. हिशोब चोख होता. त्यात एकच गोष्ट गृहीत धरली होती, की पुरुषोत्तमराव घर सोडून कुठेही जाणार नाहीत. आणि ते जात नव्हतेच. दहाच्या आत आणि पाचच्या नंतर कोपऱ्यावरच्या डेअरीत, म्हणजे किराणा दुकानातसुद्धा नाही. अडीच महिने.

कंपनीकडून कौमुदीला मेसेज येत, तुमच्या बॅटरीशी संपर्क तुटलाय. "गराजमध्ये वायफाय धड पोचत नाही," ती वैतागून म्हणे. पुरुषोत्तमराव मूग गिळून बसत. लाज वाटायची, नाही असं नाही. पण रात्री झोप लागायची.

ऑगस्टमधल्या एका रविवारी श्यामलाबाईंच्या मनात अळूवडी आली. जावई इंद्रनील ईशाला घेऊन नेटबॉलच्या स्पर्धेसाठी हॅमिल्टनला गेला होता. "अवोन्डेलच्या बाजारात ते टोंगन लोक असतात ना, त्यांच्याकडे मस्त पानं मिळतात," त्या म्हणाल्या. "कौमुदी निघालीच आहे. तुम्हीपण जा. तिला कोवळं-जून कळत नाही."

"मी नाही. तू एकटी राहशील."

"तासाभरात मी मरणार आहे का? अडीच महिन्यांत धड उंबऱ्याबाहेर गेला नाहीत तुम्ही. जा! घरात घुम्यासारखं बसून तुम्ही मला आजारी पाडाल."

बाहेर कौमुदीनं हॉर्न वाजवला. सव्वाआठ वाजले होते. खटका खाली होता. आता वर करायला गराजमध्ये जावं, तर कौमुदीची गाडी तिथेच, दार उघडं, ती आरशातून बघतेय. काय करताय म्हणून विचारलं तर? आणि दहापर्यंत परत येतोच की. पुरुषोत्तमराव मोजे सारखे करत गाडीत जाऊन बसले.

बाजारात रविवारची झुंबड होती. पालेभाज्यांचे ढीग, फिजीच्या आल्याची पोती, नारळ, तळणीचा वास. त्यांचं लक्ष कशातच लागेना. दर दोन मिनिटांनी ते घड्याळ बघत होते. नऊ वीस. एका मोठ्या बाईच्या टेबलावर अळूची पानं होती, काळपट देठांची, हवी तशी. ते पानं उलटून शिरा बघायला लागले आणि शेजारी कोथिंबीर निवडणाऱ्या कौमुदीचा फोन टिंगला.

तिनं बघितलं आणि परत खिशात टाकला.

"काय गं?"

"काही नाही. आपल्या एरियात पॉवर गेलीय. कुणीतरी पोलला गाडी ठोकली म्हणे."

 पुरुषोत्तमरावांच्या हातातली पानं टेबलावरच राहिली.

"आई..." ते म्हणाले.

"अहो, बॅटरी आहे ना! आईला कळलंपण नसेल." तिनं कोथिंबिरीची दुसरी जुडी उचलून हुंगली. मग वडिलांचा चेहरा बघून, त्यांच्या समाधानासाठी, फोन पुन्हा काढला आणि ॲप उघडलं. "हे बघा. ऑफलाइन. परत ते वायफाय! उद्या त्या माणसाला बोलावतेच."

बोलायचं होतं. आत्ता, या क्षणी बोलायला हवं होतं. बाई विचारत होती, किती पानं? कौमुदी सुटे शोधत होती. पुरुषोत्तमरावांना मशीनची ती शिट्टी ऐकू येत होती, अवोन्डेलच्या बाजारात, वीस किलोमीटरवरून. अकरा सेकंद कधीच होऊन गेले होते. तरी तोंड उघडेना. काय म्हणेल ही? वेडा म्हणेल. म्हणू दे की! अरे, म्हणू दे, पण बोल!

"वायफाय नाही," ते एकदम ओरडले. "मी बंद केलीय."

"काय बंद केलीय?"

"बॅटरी. खटका खाली आहे. रोज करतो. आजपण खालीच आहे. कौमुदी, तिचं मशीन बंद पडलंय."

कौमुदीनं त्यांच्याकडे एकदा बघितलं. ती नजर पुरुषोत्तमराव जन्मात विसरायचे नाहीत. मग तिच्या हातातली कोथिंबीर खाली पडली आणि ती पळत सुटली. बहात्तर वर्षांचा तो माणूस जँडल्स फटाफटा वाजवत तिच्यामागे गर्दीतून धावला.

गाडीतून तिनं आईला फोन लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला. वाजत राहिला. शेजारच्या लोसाला लावला. ती रविवारी चर्चमध्ये, फोन बंद. मग एकशे अकरा, इथला तातडीचा नंबर. ॲम्ब्युलन्सवाल्या बाईला कौमुदी फार्मसीत बोलावं तसं स्पष्ट, थांबत थांबत सांगत होती, वय एकोणसत्तर, आजार अमुक, ऑक्सिजन इतका, मशीन बंद पडून दहा मिनिटं झाली. पत्ता सांगताना मात्र तिचा आवाज फुटला.

"निघतायत," फोन ठेवून ती म्हणाली. "जवळपास गाडी नाहीये. थोडा वेळ लागेल."

"किती वेळ?"

"मला काय माहीत, बाबा!"

मोटरवेवर पुढे एक कॅम्परव्हॅन निवांत चालली होती. पुरुषोत्तमरावांनी बायकोचा नंबर पुन्हा लावला.  वाजत राहिला. त्यांना दिसत होतं सगळं. ती उठून बसली असेल. सिलिंडरची चावी फिरवून बघत असेल, ती बोटं... ओठ निळे पडत असतील. आणि वर कुणी नव्हतं. आदेश देणारं कुणीही नव्हतं. तळ्यांचा काही संबंध नव्हता, कंपनीचा नव्हता. कुणीतरी खांबाला गाडी ठोकली होती आणि खटका यांनी, स्वतःच्या बोटानं, खाली केला होता.

"का केलंत?" कौमुदीनं विचारलं. ती पुढे बघत होती. "मला फक्त एवढं सांगा, का?"

मग त्यांनी राजारामचं सांगितलं. धड लागत नव्हतं, मध्येच मागचं पुढे होत होतं. एप्रिल, साडेदहा, स्टेशन रोड, तो फाटकाशी आला ते. कौमुदी ऐकत होती की नाही कळत नव्हतं. तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि ती ते पुसत नव्हती.

"एकदा मला म्हणाला असतात," ती शेवटी म्हणाली. "एकदा."

पापाटोएटोत शिरल्या शिरल्या सिग्नल मेलेले होते. चौकात गाड्या एकमेकींना वाट देत मुंगीच्या पावलानं सरकत होत्या. भारतीय दुकानांची पाटी विझलेली, मिठाईवाला दारात उभा. घराच्या रस्त्यावर एकही दिवा नव्हता. ॲम्ब्युलन्स आलेली नव्हती. बाजारातून निघून सव्वीस मिनिटं झाली होती.

ड्राइव्हवेत वळताना कौमुदीनं सवयीनं गराजचा रिमोट दाबला.

दार वर जायला लागलं.

दोघांनाही क्षणभर कळलं नाही. विजेशिवाय ते दार हलत नाही. पुरुषोत्तमराव गाडी थांबायच्या आधीच खाली उतरले.

श्यामलाबाई स्वयंपाकघराच्या तिसऱ्या पायरीवर, भिंतीला टेकून बसल्या होत्या. चेहरा राखेसारखा, केस घामानं कपाळाला चिकटलेले, नाकात नळी. नळी त्यांच्या मागून पायऱ्या चढून आत गेली होती आणि आतून मशीनची घरघर येत होती. भिंतीवरच्या बॅटरीचा हिरवा दिवा लागला होता. अठ्ठ्याऐंशी टक्के. खटका वर होता.

"आई!" कौमुदीनं धावत जाऊन त्यांचं बोट धरलं आणि खिशातलं ऑक्सिमीटर लावलं. शहाऐंशी. मग सत्त्याऐंशी. "आई, बोलू नकोस. श्वास घे. हळू."

"फोन... आत वाजत होता," श्यामलाबाई म्हणाल्या. प्रत्येक दोन शब्दांना एक श्वास लागत होता. "उठवेना मला. म्हटलं... वाजू दे."

पुरुषोत्तमराव समोर उभे होते.  "श्यामल, अगं, खटका मी... रोज मीच..."

"माहीत आहे मला. आधी बसा. पडाल."

ते उलट्या बादलीवर बसले. अठ्ठ्याऐंशी, ऑक्सिमीटरकडे बघत कौमुदी म्हणाली. नव्वद.

ॲम्ब्युलन्स आणखी सात मिनिटांनी आली. "किया ओरा, व्हानाऊ," असा घरच्यांना माओरीत नमस्कार करत एक धिप्पाड तरुणी आत शिरली, तिनं छाती तपासली, ओठ बघितले, कागदावर आकडे लिहिले. घरी राहिलं तरी चालेल म्हणाली. तो खटका कुणी वर केला, हे तिनं हातवारे करून विचारलं आणि श्यामलाबाईंनी स्वतःकडे बोट दाखवल्यावर म्हणाली, "स्वीट ॲज!" म्हणजे इकडचं 'एकदम मस्त'. कौमुदीला हसूही आलं आणि रडूही.

आईला पलंगावर निजवून कौमुदी बाहेर जाऊन कंपनीशी फोनवर बोलली. दहा मिनिटांनी आत आली ती दाराच्या चौकटीला टेकूनच उभी राहिली.

"मशीनवर पेशंट असेल तर ते बॅटरीला हात लावत नाहीत," ती म्हणाली. "शंभर टक्के राखीव ठेवतात. एक फॉर्म आहे. मी विचारलंच नाही कधी, आणि तुम्हीपण..." तिनं पुढचं गिळलं. "एक फॉर्म होता, बाबा."

ती स्वयंपाकघरात गेली. तिनं नळ सोडला, भांडं कसलं नव्हतं तरी.

खोलीत दोघंच उरली. बाहेर खांबाशी माणसं आली असावीत, ट्रकचा आवाज येत होता. पुरुषोत्तमरावांनी खुर्ची पलंगाजवळ ओढली.

"केव्हापासून माहीत होतं?"

"पहिल्याच दिवसापासून." श्यामलाबाईंचा श्वास आता बराच बसला होता. "संध्याकाळी गराजमधून हात झटकत आलात. उपकेंद्रातून पाळी संपवून यायचात, तसे. दुसऱ्या दिवशी तुम्ही आंघोळीला गेलात तेव्हा जाऊन बघून आले. म्हटलं, कुठला खटका, वर का खाली, ठाऊक तरी असावं. आज खाली पोचेपर्यंत तीनदा बसावं लागलं. पण पोचले."

"मग मला बोलली का नाहीस? ओरडायचंस! चार माणसांत लाज काढायचीस माझी!"

"बोलले असते तर तुम्ही तो वर केला असतात आणि परत दोन वाजता उठून बसला असतात. एकोणीस वर्षं बघतेय मी. त्या रात्री तुम्ही घोरलात. मला आधी वाटलं, मशीन बिघडलं." त्या जराशा हसल्या आणि खोकल्या. "घोरू दे म्हटलं. किती दिवसांनी."

"अगं, पण मी झोपलो असताना वीज गेली असती तर? मी असा ठार झोपलेला, ती शिट्टी मला ऐकू आली नसती तर?"

"म्हणून तर मी झोपत नव्हते."

पुरुषोत्तमरावांनी खुर्ची आणखी पुढे ओढली.

"तुमचा डोळा लागला की मी जागी राहायचे," श्यामलाबाई म्हणाल्या, दूध उतू जाऊ नये म्हणून उभी होते असं सांगावं तितक्या सहज. "उजाडेपर्यंत. कुणीतरी पाळीवर असायला हवं ना. झोप काय, दुपारी काढायचे."

दुपारी. अडीच महिने ती दुपारी मेल्यासारखी झोपते म्हणून त्यांनी किती धसका घेतला होता! आजार वाढला, असं धरून चालले होते. डॉक्टरांनाही तसं सांगितलं होतं, त्यांनी एक तपासणी वाढवली होती. रोज सकाळी ताजेतवाने होऊन ते देशाच्या पाण्याचा आकडा वहीत लिहीत होते, आणि पलंगावर ही बाई रात्रभराच्या जाग्रणानंतर त्यांना विचारत होती, आज किती?

पुरुषोत्तमराव रडले. मोठ्यानं, लहान मुलासारखे, तोंडावर हात न घेता. स्वयंपाकघरातला नळ बंद झाला, पण कौमुदी आत आली नाही. श्यामलाबाईंनी आपली वाकडी बोटं नवऱ्याच्या हातावर ठेवली.

"झोप आता," डोळे पुसून ते म्हणाले. "मी जागा आहे."

"नक्की?"

"नक्की."

श्यामलाबाईंनी डोळे मिटले. पाच मिनिटांत त्यांना झोप लागली, दिवस अजून अकराचाही झाला नव्हता.